अठ्ठावीस पेरं

गौरी यायला चार दिवस होते. सूनबाईनं करंज्यांच्या सारणासाठी रव्याचा डबा काढला, झाकण उघडलं आणि स्वयंपाकघरातूनच ओरडली, "आई, टोके झालेत!" आजी देवघरातून म्हणाली, "पावसाळा आहे, होणारच. म्हटलं होतं भाजून ठेव." आमच्या भिंतीला लागून शेजारचं स्वयंपाकघर आहे. इंदूरच्या आमच्या परदेशीपुऱ्यात कुठल्याही घरातली गोष्ट दोन घरांची असते, त्यामुळे तिकडूनही आवाज आला, "हमारे बेसन में भी सुरसुरी पड़ गई है, भाभी!"

चिनू आणि बंटी धावले, आणि त्यांच्यामागून गुडघे सांभाळत मीही. ताटात रवा पसरला होता. त्यात तीन तांबडे ठिपके जागच्या जागी घिरट्या घालत होते. उजेड पडला तसे तिघेही रव्यात घुसायला लागले.

"आजोबा, हे काय आहे?"

"आजी म्हणते टोके, शेजारच्या काकू म्हणतात सुरसुरी. आपण त्यांनाच विचारू. चिनू, माझं भिंग आण."

हे भिंग पितळी आहे, घडीचं. कापडगिरणीत काम केलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. खाली इंचभर चौकोनी खिडकी, वर काच, मिटलं की सदऱ्याच्या खिशात जातं. कापडावर ठेवायचं आणि सुईच्या टोकानं धागे मोजायचे: इंचात ताण्याचे किती, बाण्याचे किती. मालवा मिल, कल्याणमल, हुकुमचंद, राजकुमार, सगळ्यांचे भोंगे आमच्या वस्तीनं ऐकले आणि एकेक करून ते बंद पडतानाही ऐकले. माझ्या नोकरीतून घरी काय आलं म्हणाल तर हे भिंग आणि मोजायची खोड.

एक किडा ओल्या काडीनं उचलून काचेखाली धरला. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा, तीन-चार मिलिमीटर. चपटा, दोन्ही कडा जवळजवळ समांतर, रंग भाजलेल्या कॉफीचा. चिनूला म्हटलं, "सोंड दिसते का?"

"नाही."

"मग हा सोंड्या नव्हे. सोंड्या गव्हाच्या, तांदळाच्या अख्ख्या दाण्याला सोंडेनं भोक पाडतो, आत अंडं घालतो आणि त्याची अळी दाण्याच्या पोटात वाढते. याला ते जमत नाही. अख्खा, निरोगी दाणा याच्या जबड्याला आवरत नाही. याला फुटका दाणा लागतो, नाहीतर रवा, मैदा, बेसन. म्हणजे सोंड्यानं नाहीतर चक्कीवाल्यानं आधी काम करून ठेवलं पाहिजे, मग हे साहेब जेवायला बसणार." आजीच्या एका 'टोके' शब्दात अशी दोन वेगळी कुळं नांदतात. त्यात आजीची चूक नाही. तिला दोघांनाही पाखडूनच टाकायचं असतं.

याचं शास्त्रीय नाव ट्रायबोलियम कॅस्टेनियम. शेतीखात्याच्या पुस्तकांत पिठातला तांबडा भुंगेरा म्हणतात. बर्लिनच्या हर्बस्टनं १७९७ साली त्याला नाव दिलं, आणि कॅस्टेनियम म्हणजे चेस्टनट फळाच्या रंगाचा. पण नाव त्याचं एकट्याचं, आडनाव फार मोठ्या घराण्याचं. ते घराणं म्हणजे टेनेब्रिओनिडी. लॅटिनमध्ये टेनेब्रिओ म्हणजे उजेड टाळणारा, अंधारात वावरणारा लबाड. लिनियसनं १७५८च्या आपल्या ग्रंथात हा शब्द पिठातल्याच एका मोठ्या काळ्या भुंगेऱ्याला दिला, आणि पुढे सगळ्या कुळाला तो चिकटला. मराठीत या कुळाला घरगुती नाव नाही, तेव्हा आम्ही त्या दिवशी ठरवलं: काळोखे भुंगेरे.

बंटी म्हणाला, "पण हा तर लाल आहे."

सात वर्षांच्या मुलानं पहिल्याच चेंडूवर शास्त्रज्ञांची दांडी उडवली! या घराण्यात काळे आहेत तसे लाल आहेत, मातकट आहेत, निळ्या-हिरव्या धातूसारखे चकाकणारेही आहेत. काही वाटाण्यासारखे गोल, काही काडीसारखे लांबट, काही ढालीसारखे चपटे की वाळलेलं बी वाटावं. रंगावर जायचं नाही, आकारावरही नाही.

"मग ओळखायचं कशावरून?"

"पायाची पेरं मोजायची."

पण पिठातल्या या चिमुकल्याचे पाय माझ्या भिंगात धड मोजता येत नाहीत. त्याच्यासाठी त्याचा थोराड चुलतभाऊ हवा होता. तुळशीची कुंडी मागच्या अंगणात दोन विटांवर ठेवलेली आहे. वीट सरकवली तर ओल्या मातीत एक मातकट, सेंटिमीटरभर लांबीचा भुंगेरा होता. पाठीवर इतकी धूळ बसलेली, की जागेवरून हलला म्हणून दिसला. हात लावताच पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग. हा गोनोसेफॅलम नावाच्या गटातला. आपल्याकडे शेतांत, पालापाचोळ्याखाली, ढेकळांत सापडतो आणि कधी कधी नुकत्या उगवलेल्या रोपांची देठंही कुरतडतो. गच्चीच्या ट्यूबलाइटखाली रात्री मरून पडलेला दुसरा एक काळाभोर, चकचकीत भुंगेरा मुलांनी आदल्या दिवशीच काडेपेटीत जपला होता. दोघांना शेजारी शेजारी उताणं केलं.

चिनूनं सुई घेतली. भुंगेऱ्याच्या पायाच्या टोकाला, नखीच्या आधी, मण्यांसारखी बारीक पेरं असतात. तिनं चकचकीत काळ्याची मोजली. पुढच्या पायाला पाच, मधल्या पायाला पाच, मागच्या पायाला पाच. दोन्ही बाजूंची मिळून तीस. मग मातकटाची मोजली. पुढे पाच, मध्ये पाच, मागे... ती थांबली, पुन्हा मोजली.

"आजोबा, याचं एक पेर तुटलंय."

"दुसरा मागचा पाय बघ."

"तिथेही चारच!"

"तुटलेलं नाही, मुळातच नाही. पाच, पाच, चार. एकूण अठ्ठावीस. चकचकीत होता तो धावऱ्या, शिकार करणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला. तो तीसवाला. आणि आपले काळोखे भुंगेरे अठ्ठावीसवाले."

एवढ्यावर खूश होऊन चालत नाही. अंगाला लागला तर फोड आणणारा तेलणी किडाही अठ्ठावीसवालाच, पण त्याचं कुळ वेगळं. म्हणून दुसरी खूण बघायची. काळोख्या भुंगेऱ्याच्या डोक्याच्या कडेला खिडकीवरच्या छज्ज्यासारखी एक पट्टी पुढे आलेली असते आणि मिशीचं मूळ त्या छज्ज्याखाली झाकलेलं असतं. वरून पाहिलं तर मिशी कुठून उगवली ते दिसतच नाही. पुष्कळांच्या डोळ्यांतही हा छज्जा घुसतो, त्यामुळे डोळा मधोमध चिमटा घेतल्यासारखा दिसतो. आणि या कुळातही चार-चार-चार पेरांचे थोडे नियम मोडणारे आहेतच. कुठल्या घराण्यात नसतात?

हे घराणं किती मोठं, ते ऐका. वर्णन होऊन नाव मिळालेल्या जाती वीस हजारांच्या वर. जातींचे गट म्हणजे प्रजाती. २०२१ साली जगभरच्या जाणकारांनी मिळून त्यांची नावं तपासली, तेव्हा जीवाश्मांतल्या धरून २,३०७ प्रजाती खऱ्या ठरल्या. नावं मात्र चार हजारांहून अधिक निघाली. म्हणजे एकाच किड्याला पॅरिसमध्ये एक नाव, बर्लिनमध्ये दुसरं, असं दोनशे वर्षं चाललेलं. गिरणीच्या हजेरीपटावर एकच माणूस दोन खात्यांत, दोन नावांनी लागला की पगाराच्या दिवशी जो घोळ व्हायचा, तोच हा. त्या यादीनुसार कुळाची उपकुळं अकरा. त्यांतलं एक त्याच वर्षी नव्यानं वेगळं मांडलेलं.

म्हणजे शास्त्रज्ञांच्या घरातही वाटण्या होतात आणि वेगळे झालेले परतही येतात. पूर्वी लॅग्रिइडी नावाचं एक स्वतंत्र कुळ मानत: अंग मऊसर, केसाळ, मिशीचं शेवटचं पेर बऱ्याचदा लांब. पुढे अळ्या, मिशा आणि पोटातल्या रचना नीट जुळवून पाहिल्या आणि ते सगळे काळोख्यांच्याच वाड्यात आले. नखांना कंगव्यासारखे दाते असणारे ॲलेक्युलिडीही तसेच परतले. उलट मेक्सिकोत एक जाड कवचाचा भुंगेरा आहे, त्याच्या पाठीवर रंगीत खडे चिकटवतात, बारीक साखळी लावतात आणि बायका त्याला जिवंत दागिना म्हणून पदरावर मिरवतात. त्याला आधी याच घराण्यात धरत, आता त्याचं कुळ वेगळं आहे. दागिन्याला अर्थातच याची खबर नाही.

परत आलेल्या लॅग्रियांतला एक आपल्या केरळात फार प्रसिद्ध आहे. ल्युप्रॉप्स ट्रिस्टिस, तिथल्या लोकांचा मुप्ली वंडु. रबराच्या मळ्यांत गळून पडलेल्या पानांवर तो वाढतो आणि उन्हाळ्यातला पहिला पाऊस पडला की लाखोंनी घरांत शिरतो. कौलांखाली, आढ्याला थरच्या थर बसून राहतो, काही खात नाही, कुठे जात नाही, महिनोन्‌महिने नुसता झोपतो. चिरडला तर घाण वास. सूनबाईला हे मुद्दाम मोठ्यांदा सांगितलं. तीन किड्यांवर भागलं म्हणून तिनं देवाला हात जोडले.

"पण आजोबा," चिनू म्हणाली, "रव्यात पाणी कुठे असतं? हे पितात काय?"

इतका वेळ मी या प्रश्नाची वाट बघत होतो. काळोख्या भुंगेऱ्यांचं खरं राज्य वाळवंटांत आहे. आफ्रिकेतलं नामिब, आपलं थर, अमेरिकेतली रेताडं, कुठेही जा, वाळूवर दुडुदुडु चालणारा काळा भुंगेरा बहुधा याच कुळातला. जिथे पाणी नाही तिथे जगायची युक्ती यांनी फार पूर्वी साधली आहे. आणि रव्याचा डबा म्हणजे तरी काय? कोरडा, ऊबदार, दाण्यांचे ढीग, थेंबभर पाणी नाही. सूनबाईच्या फळीवरचं छोटंसं वाळवंट. माणसानं धान्य कोरडं ठेवायला शिकून बाकीच्या किड्यांना दार बंद केलं आणि नेमकं या घराण्याला निमंत्रण दिलं. इजिप्तच्या साडेचार हजार वर्षं जुन्या थडग्यातही पिठाचे हे किडे सापडले आहेत.

युक्ती काय, तर काटकसर. आपल्या मूत्रपिंडाचं काम किड्यांत बारीक नळ्या करतात. बहुतेक किड्यांत त्या पोटात मोकळ्या असतात. पिठातल्या भुंगेऱ्यात त्यांची टोकं आतड्याच्या शेवटच्या भागाला घट्ट वेढलेली असतात. बाहेर जाणाऱ्या विष्ठेतलं पाणी त्या पिळून परत अंगात घेतात, अगदी बाहेरच्या दमट हवेतली वाफसुद्धा ओढतात. शिवाय पीठ पचताना अंगात थोडं पाणी तयार होतं, तेही वाया जात नाही. वाळवंटातल्या पुष्कळ भावंडांनी उडणंच सोडलं. पाठीवरची पंखांची झाकणं एकमेकांना जोडून टाकली, खाली पोकळी राहिली, श्वासाची भोकं त्या पोकळीत उघडतात. श्वासाबरोबर जाणारा ओलावा पोकळीत अडकतो, उन्हात उडून जात नाही.

नामिबमधला एक भाऊ तर फारच हुशार. समुद्रावरून रात्री धुकं येतं. हा वाळूच्या टेकाडाच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे तोंड करतो आणि डोकं खाली, पाठ वर करून उभा राहतो. धुक्याचे थेंब पाठीवर जमतात आणि ओघळत तोंडाशी येतात. हॅमिल्टन आणि मेरी सीली यांनी १९७६ साली हे नोंदवलं. एका पहाटेत काही भुंगेऱ्यांनी स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश पाणी प्यायलं होतं. बंटीनं लगेच पाटावर हात टेकून, कंबर वर करून प्रयोग केला आणि आजीचा धपाटा खाल्ला. एक गोष्ट सांगून ठेवतो. पाठीवरच्या टेंगळांनी पाणी गोळा करणारा म्हणून एक दुसराच नामिबी भुंगेरा मोठा गाजला, त्यावरून पाणी जमवायचे पत्रेबित्रे करायचे बेत झाले. २०१० साली चार जाती नीट तपासल्या तेव्हा डोकं खाली करून धुकं पिणारा एकटा तो १९७६चाच निघाला. कीर्ती एकाची, कष्ट दुसऱ्याचे.

दक्षिण आफ्रिकेतले काही भाऊ पोटानं जमिनीवर टकटक करून बायकोला हाक मारतात. तिथली मुलं त्यांना टोकटोकी म्हणतात. आणि अमेरिकेतला एक, कोणी त्रास दिला तर शीर्षासन करतो आणि शेपटीकडून दुर्गंधी सोडतो. तो वास पुष्कळ काळोख्यांजवळ असतो, रसायनाचं नाव क्विनोन. आपल्या तांबड्याजवळही तेच आहे. म्हणून फार किडे झालेल्या पिठाला गुलाबीसर झाक येते आणि डबा उघडताच नाकात तिखट, औषधी भपकारा जातो. आजी पीठ नाकाशी नेऊन ठरवते की ठेवायचं की टाकायचं, ते उगाच नाही.

आता दोन भावांची गोष्ट. तांबड्याचा एक जुळ्यासारखा भाऊ आहे. दोघांत इतका घोटाळा व्हायचा की त्याचं नावच पडलं ट्रायबोलियम कन्फ्यूझम. ओळखायचं तर मिशीकडे बघा: आपल्या कॅस्टेनियमच्या मिशीची शेवटची तीन पेरं एकदम गदेसारखी फुगलेली, कन्फ्यूझमची हळूहळू जाड होत गेलेली. आपला उडू शकतो, दुसरा उडत नाही. अमेरिकेत शिकागोच्या थॉमस पार्क यांनी या दोघांना एकाच बाटलीतल्या पिठात सोडलं आणि वर्षानुवर्षं मोजत बसले. माणूस माझ्या जातीचा! शेवटी बाटलीत एकच भाऊ उरायचा. ३४ अंश उष्णता आणि दमट हवा असेल तर दर वेळी आपला जिंकायचा. २४ अंश आणि कोरडी हवा असेल तर दर वेळी दुसरा. पण मधल्या हवामानात? तिथे कधी हा, कधी तो. सगळं सारखं ठेवूनही आधी सांगता येत नसे. आणि पिठात एक सूक्ष्म परजीवी शिरला तर पारडं कन्फ्यूझमकडे झुकायचं, कारण त्या रोगानं आपला तांबडा जास्त मरायचा. कोण बलवान, याचं उत्तर किड्यात नव्हतं, बाटलीच्या हवेत होतं.

"आपला म्हणजे?" चिनूनं पकडलं.

आपलाच. या तांबड्याचं मूळ घर भारत आणि आग्नेय आशियाकडचं मानतात. झाडाच्या सालीखाली, कुजक्या लाकडात राहणारा वनवासी, गलबतांतल्या गोण्यांबरोबर जगभर गेला. लंडनच्या गोदामात, कॅनडाच्या पिठाच्या गिरणीत तो पाहुणा, परदेशी. आमच्या परदेशीपुऱ्यात मात्र तो जवळजवळ गाववाला. भुंगेऱ्यांपैकी सगळ्यात आधी, २००८ साली, कुणाचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला? याचाच. आणि त्याच घराण्यातल्या टेनेब्रिओच्या अळ्या सप्टेंबर १९६८मध्ये रशियाच्या झोंड ५ यानात, दोन कासवांबरोबर चंद्राला वळसा घालून हिंदी महासागरात उतरल्या. माणूस चंद्राभोवती गेला तो त्यानंतर तीन महिन्यांनी.

"म्हणजे रव्यातला किडा माणसाच्या आधी गेला?" बंटीचे डोळे मोठे झाले.

"रव्यातला नव्हे, त्याचा काका."

सूनबाई म्हणाली, "काकाला चंद्रावर ठेवायचं होतं. इथे काय काम आहे यांचं?"

प्रश्न रास्त होता. काम आहे, पण स्वयंपाकघराबाहेर. वाळली पानं, कुजकं लाकूड, बुरशी, शेण, मेलेले किडे, असं दुसऱ्यांनी टाकलेलं खाऊन माती करणं हा या घराण्याचा मूळ धंदा. इंदूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १९२४ साली इथेच इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री उभी राहिली. अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातली माती आणि राख थरावर थर रचून खत करायची रीत बसवली आणि यशवंत वाड यांच्यासोबत १९३१ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. पिवळी कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत येते आणि आम्ही ओला-सुका वेगळा करून देतो, तेव्हा मला विटेखालचा तो मातकट भुंगेरा आठवतो. त्याची पद्धत हॉवर्डसाहेबांच्याही आधीची.

सूनबाईनं मात्र तोवर रवा चाळला, उन्हात घातला, दुपारी कढईत खमंग भाजला. करंज्या झाल्या, गौरी जेवल्या. विटेखालच्याला आम्ही विटेखाली परत ठेवलं. तीन तांबडे चिनूनं खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत टाकले, दोन चमचे रवा घातला, तोंडाला माझ्या जुन्या धोतराचा तुकडा बांधला आणि चिठ्ठी चिकटवली: "५-५-४. पाणी देऊ नये." बाटली माझ्या औषधांच्या फळीवर, आजीच्या नजरेआड.

दसऱ्याच्या सुमारास रव्यात पिवळट, दोऱ्यासारख्या अळ्या दिसायला लागल्या. शेपटीला दोन बारीक काटे. ऊब असेल तर अंड्यापासून भुंगेरा व्हायला महिनाभर पुरतो. थंडी लागली की हिशोब लांबतो. मोठा झालेला मात्र वर्षभर, कधी जास्तही जगतो. धनत्रयोदशीच्या सकाळी बंटी बाटली घेऊन धावत आला. भिंग लावून पाहिलं, तर तांबड्यांच्या गर्दीत एक अगदी फिक्कट, गव्हाळ, जवळजवळ पांढरा भुंगेरा उभा होता.

"आजोबा, हा आजारी आहे का?"

"नाही रे. रात्री कोशातून निघालाय. आपल्याकडे कापड मागावरून उतरायचं तेव्हा असंच कोरं असायचं."

बंटीनं काचेतून बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. "मग हा अजून रंगखात्यात गेला नाही," तो म्हणाला आणि बाटली घेऊन फिक्कट पाहुणा दाखवायला शेजारच्या काकूंकडे गेला.